हिरवागार पिस्ता टाळा, ब्रियोशचा अंबाडा आधी खा

वाचकांचे प्रश्न, या वेळचा विषय: जेलातो, म्हणजे इटलीचं आइस्क्रीम. सुट्टीत इटलीला निघालेल्यांची पत्रं सर्वांत जास्त आहेत, घरी करून फसलेल्यांची त्याखालोखाल. उत्तरंही साधारण त्याच क्रमाने दिली आहेत.

रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस अशी आठ दिवसांची सहल आहे. तिथे म्हणे पावलापावलावर जेलातोची दुकानं असतात. चांगलं दुकान बाहेरूनच कसं ओळखायचं? (डोंबिवली)

काचेमागे जेलातोचे डोंगर रचलेले दिसले, वर फळांच्या फोडी आणि चॉकलेटच्या कांड्या खोचलेल्या दिसल्या, की पुढे चला. जेलातो उणे 11 ते उणे 14 अंशांवर ठेवतात आणि त्यात हवा कमी असते, त्यामुळे तो मऊ असतो. ट्रेच्या काठाच्या वर वीतभर ढीग रचला तर वरचा भाग थंड हवेच्या बाहेर राहतो आणि खरं तर ओघळायला हवा. तो दिवसभर ताठ उभा असेल तर त्यात वनस्पती फॅट, इमल्सिफायर (फॅट आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) किंवा हवा, यांपैकी काहीतरी गरजेपेक्षा जास्त आहे.

मग रंग पाहा. केळ्याचा जेलातो मळकट पांढरा असतो, पिवळाधमक नाही. लिंबाचा पांढराशुभ्र. पुदिन्याचा पांढरा किंवा जेमतेम हिरवट. पिस्त्याचा रंग शेवाळी, तपकिरीकडे झुकणारा. स्ट्रॉबेरी थोडी फिकी, मधूनमधून बिया दिसणारी. निळा ‘पुफ्फो’ हा पोरांना खूश करणारा प्रकार आहे आणि बऱ्या दुकानांतही तो असतो, तेव्हा एवढ्यावरून दुकानाला नावं ठेवू नका.

तिसरी खूण हंगामाची. स्ट्रॉबेरी वसंतात, पीच उन्हाळ्यात, अंजीर उन्हाळ्याच्या अखेरीला, जपानी फळ म्हणून आपल्याकडे मिळणारं काकी शरदात. ऑक्टोबरात स्ट्रॉबेरी किंवा मे महिन्यात अंजीर काचेत दिसले तर माल डब्यातला किंवा गोठवलेला आहे. पन्नास-साठ स्वाद मांडणारं दुकानही शंकास्पदच. रोज इतके प्रकार ताजे लावायला लागणारी माणसं आणि यंत्रं छोट्या दुकानाकडे नसतात.

काही दुकानांत काचेऐवजी स्टीलची गोल झाकणं दिसतील. त्या खोल डब्यांना पोत्सेत्ती म्हणतात. आत तापमान सारखं राहतं आणि उजेड-हवा लागत नाही. झाकण म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे, पण माल दाखवून विकण्याचा तिथे प्रयत्न नाही, एवढं नक्की.

‘आर्तिजानाले’, म्हणजे हाताने केलेला, या पाटीवर फार विसंबू नका. या शब्दाला इटलीत काटेकोर कायदेशीर व्याख्या नाही. तयार पावडरीत दूध ओतून यंत्र फिरवणाराही तो लिहू शकतो. त्यापेक्षा घटकांचा तक्ता मागा: ‘लिस्ता देइ इंग्रेदिएन्ती’. अ‍ॅलर्जी करणाऱ्या घटकांची माहिती देणं युरोपीय नियमांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे तक्ता किंवा वही दुकानात असते. दूध, साय, साखर, डेक्स्ट्रोज (ग्लुकोज पावडर), कॅरोब किंवा गवार गम (बियांपासूनचा, दाटपणा देणारा पदार्थ) एवढंच लिहिलं असेल तर खुशाल खा. वनस्पती तेल (ग्रास्सी वेजेताली) आणि रंगांचे ई-क्रमांक यांची रांग लागली तर उत्तर मिळालं.

पहिल्या दिवशी फियोर दि लात्ते घ्या, म्हणजे नुसतं दूध, साय आणि साखर. लपायला जागाच नसलेला स्वाद आहे हा. जोडीला हेझलनटचा नोच्चोला किंवा, वेगळ्या कपात, लिंबाचा लिमोने. हे दोन नीट जमले असतील तर त्या दुकानातलं बाकी काहीही मागवा. खाऊन झाल्यावर टाळूला तुपकट थर राहिला तर दुसऱ्या दिवशी दुकान बदला.

जुनी, नावाजलेली ठिकाणं हवीच असतील तर रोममध्ये 1880 पासूनचं फास्सी आणि 1900 पासूनचं जोलित्ती. फ्लोरेन्सला व्हिवोली. तिथे कोन मागू नका, कपातच देतात.

मागवायचं कसं? भाषा येत नाही आणि मागे रांग असते. (नाशिक)

आधी पैसे, मग माल, अशी पद्धत बऱ्याच जुन्या दुकानांत आहे. ‘कास्सा’ लिहिलेल्या गल्ल्यावर आकार सांगा: ‘कोनो’ किंवा ‘कोप्पेत्ता’ (कप), ‘पिक्कोलो’ (लहान) किंवा ‘मेद्यो’. पावती, म्हणजे ‘स्कोन्त्रीनो’, घेऊन काउंटरवर जा आणि तिथे स्वाद सांगा. लहानातही बहुधा दोन स्वाद बसतात. आकार न सांगता नुसतं बोट दाखवलं तर पर्यटकांच्या भागात सर्वांत मोठा चॉकलेट लावलेला कोन हातात पडतो आणि बिल ऐकून घाम फुटतो. दरफलक आधी वाचा. टेबलावर बसलात तर दर वेगळा, तो ‘आल ताव्होलो’ या रकान्यात असतो.

‘पान्ना?’ असं विचारतील. ती फेटलेली साय. रोममध्ये पुष्कळ ठिकाणी फुकट, काही ठिकाणी जास्तीचे पैसे. चव घेऊन पाहायची असेल तर ‘पोस्सो अस्साज्जारे?’ म्हणा. एक-दोन चवी बिनतक्रार देतात, सहा मागितल्या तर मागची रांग बोलेल.

जोडी निवडताना दूध दुधाशी आणि फळ फळाशी ठेवा. लिंबाचा सॉर्बेत्तो (फळाचा, बिनदुधाचा प्रकार) आणि हेझलनट एका कपात वितळले की दोन्ही वाया जातात. स्त्राच्चातेल्ला मात्र जवळपास कशाबरोबरही चालतो. यंत्रात फिरणाऱ्या जेलातोत शेवटी वितळलेल्या चॉकलेटची धार सोडतात, ती गोठून तिचे तुकडे होतात. हा प्रकार बेर्गामो शहरात 1961 साली एन्रिको पानात्तोनी यांनी आणला. तोरिनोला (ट्युरिनला) गेलात तर हेझलनट-चॉकलेटचा जान्दूया घ्या. चॉकलेटचं कवच असलेला काडीवरचा ‘पिंग्वीनो’ही तिथलाच, पेपीनो या दुकानाने 1939 साली पेटंट घेतलेला.

आणि ‘मान्गो’ची पाटी दिसली तर सोडून द्या. हापूसच्या मुलखातून जाऊन ते कशाला?

आम्ही अंडंही खात नाही. काय चालेल, काय नाही? (सांगली)

अंडं असणारे: क्रेमा (पिवळसर, पिवळ्या बलकाचा), झाबायोने (बलक आणि मार्साला वाइन), झुप्पा इंग्लेझे (कस्टर्ड आणि आल्केर्मेस नावाची लाल दारू, जिचा पारंपरिक रंग कोचिनील किड्यापासून येतो). मालागा म्हणजे रमात भिजवलेले मनुके. तिरामिसूतही अंडं असतंच असं समजा.

बहुधा चालणारे: फियोर दि लात्ते, स्त्राच्चातेल्ला, नोच्चोला, पिस्ताक्यो, योगर्ट. ‘बहुधा’ अशासाठी की काही दुकानं सगळ्या दुधाळ स्वादांना एकच पिवळ्या बलकाचा पाया वापरतात. म्हणून दर ठिकाणी विचारा: ‘सेन्झा उओवा?’ म्हणजे अंड्याशिवाय? फळांचे सॉर्बेत्तो पाणी, साखर आणि फळाचे असतात. क्वचित त्यात अंड्याचा पांढरा भाग घालतात, तेव्हा तिथेही हाच प्रश्न. डार्क चॉकलेट, ‘फोन्देन्ते’, अनेक ठिकाणी दुधाऐवजी पाण्यात करतात. दूध न चालणाऱ्यांनी तो विचारून घ्यावा.

तक्त्यावर दोन गोष्टी शोधा. ‘जेलातीना’ म्हणजे प्राण्यापासूनचं जिलेटिन. ते साध्या जेलातोत फारसं नसतं, पण सेमिफ्रेद्दो (न घुसळता गोठवलेला प्रकार), मूस आणि चीजकेकच्या प्रकारांत आढळतं. ‘ई 120’ म्हणजे तोच कोचिनीलचा लाल रंग. ‘ई 471’ हे इमल्सिफायर वनस्पतीचं असू शकतं, प्राण्याचंही. ते कशापासूनचं हे काउंटरवरच्या मुलाला सहसा सांगता येत नाही. फार काटेकोर असाल तर हा क्रमांक दिसल्यास टाळा. जेलातो काढायचा चपटा चमचा सगळ्या डब्यांत एकच फिरवताना दिसला तर ‘वेगळ्या चमच्याने द्या’ असं खुणेने सांगितलं तरी समजतं.

इथल्या मॉलमध्ये ‘जेलातो’ म्हणून मिळतं ते खरं का? आइस्क्रीमपेक्षा नेमकं वेगळं काय? (पुणे)

फरक तीन: फॅट, हवा, तापमान. जेलातोत दुधाचं फॅट साधारण 4 ते 9 टक्के. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमात नुसतं ‘आइस्क्रीम’ म्हणवून घ्यायला किमान 10 टक्के दुधाचं फॅट लागतं, आणि अडीच ते दहाच्या मधलं ‘मीडियम फॅट आइस्क्रीम’. म्हणजे पाटीवर जेलातो आणि वेष्टनावर बारीक अक्षरात मीडियम फॅट आइस्क्रीम दिसलं तर फसवणूक समजू नका, ते बरोबरच आहे. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर मात्र त्यात वनस्पती तेल किंवा फॅट आहे.

हवेचं असं. एक लिटर मिश्रण घुसळून जेलातो सव्वा ते एक लिटर तीनशे मिलि होतो, आइस्क्रीम दीड ते दोन लिटर. आपल्याकडे आइस्क्रीमचं वजन लिटरला किमान 525 ग्रॅम असावं लागतं, जेलातो लिटरला आठशेच्या आसपास भरतो. त्यामुळे 500 मिलिचा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. आतला माल 400 ग्रॅमच्या घरात असेल तर जेलातो म्हणायला हरकत नाही. 280 भरला तर तुम्ही हवा विकत घेतली.

कमी फॅट आणि कमी थंडी यामुळे जीभ बधिर होत नाही आणि पिस्ता, हेझलनटची चव लवकर लागते. कुल्फीत तर हवा जवळपास नसतेच, पण ती घुसळलेली नसल्याने बर्फाचे स्फटिक मोठे राहतात. ती दाताने खायची चीज आहे.

पिस्त्याचा जेलातो खाल्ला तर बदामाच्या इसेन्ससारखा वास आला. असं का? (कोल्हापूर)

कारण तो वास कडू बदामाचाच होता. स्वस्त पिस्ता पेस्टमध्ये पिस्ता थोडा, बदाम जास्त, वर कडू बदामाचा सुगंध आणि हिरवा रंग (ई 141) घालतात. चांगल्या जेलातोत शुद्ध पिस्त्याची पेस्ट साधारण दहा टक्के असते आणि तिला भाजलेल्या दाण्यांचा, किंचित खारट वास येतो. सिसिलीत एटना पर्वताच्या उतारावरच्या ब्रोन्ते गावचा पिस्ता सर्वांत नावाजलेला. त्याची तोडणी एक वर्ष आड होते, विषम वर्षांत. मग सगळ्या जगात बारा महिने ‘ब्रोन्ते’च्या पाट्या कशा, हा प्रश्न तुम्हीच सोडवा.

सिसिलीची ग्रानिता म्हणजे आपला बर्फाचा गोळाच ना? (मुंबई)

नाही. गोळ्याचा सख्खा भाऊ रोममध्ये आहे: ग्रात्ताकेक्का. बर्फाच्या लादीवरून खरवडलेला कीस आणि वरून सरबत. तिबर नदीकाठच्या टपऱ्यांवर उन्हाळ्यात मिळतो. चौपाटीवर वाढलेल्याला तो परका वाटणार नाही.

ग्रानितात सरबत वरून ओतत नाहीत. पाणी, साखर आणि लिंबाचा रस (किंवा बदामाचं दूध, कॉफी, काळी तुती) आधी एकजीव करतात आणि हळूहळू ढवळत गोठवतात. प्रत्येक कणात चव असते. गोळा चोखता चोखता शेवटी पांढरा बर्फ उरतो, तसं इथे होत नाही. पूर्वी एटनाचं बर्फ दगडी कोठारांत साठवून उन्हाळ्यात खाली आणत, त्यातून ही परंपरा आली. मेस्सीनाला कॉफीची ग्रानिता पान्नासह, कातानियाला बदामाची, त्रापानीला जाईच्या फुलांची. तुती, म्हणजे ‘जेल्सी’, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच मिळते. दिसली तर सोडू नका.

ती सकाळी नाश्त्याला खातात, ‘ब्रियोश कोल तुप्पो’ या मऊ पावाबरोबर. तुप्पो म्हणजे अंबाडा. पावाच्या डोक्यावर तसा गोळा असतो. तो आधी तोडून ग्रानितात बुडवायचा, मग उरलेला पाव. ब्रियोशमध्ये अंडं असतं, हे सांगलीकरांनी लक्षात ठेवावं.

घरी लिंबाची करायची तर 1 लिटर पाणी, 230 ग्रॅम साखर, 220 मिलि लिंबाचा रस. थोड्या पाण्यात साखर विरघळवून गार करा, मग बाकीचं घाला. रुंद स्टीलच्या ताटात फ्रीजरला ठेवा आणि दर अर्ध्या तासाने काट्याने कडेचे स्फटिक मध्ये ओढा. तीन-चार तास लागतात. साखर निम्मी केलीत तर ताटात लादी मिळेल.

घरी जेलातो केला. दूध छान आटवून घेतलं, साखर कमी घातली, तरी दगड झाला आणि जिभेला रवाळ लागला. (छत्रपती संभाजीनगर)

‘तरी’ नव्हे, त्यामुळेच. आटवणं आणि साखर कमी करणं, दोन्ही बासुंदीचे संस्कार. जेलातोत साखर नुसत्या गोडीसाठी नसते. ती पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. साखर जितकी कमी, तितकं जास्त पाणी बर्फ होतं. आणि दूध आटवलं की त्यातली दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, दाट होते आणि थंडीत तिचे स्फटिक पडतात. तोच रवाळपणा. कुल्फीत तो खपतो, इथे दोष ठरतो.

आपल्याकडच्या फुल क्रीम पिशवीच्या दुधात 6 टक्के फॅट असतं, इटलीतल्या नेहमीच्या दुधाच्या दीडपटीहून जास्त. म्हणून इटालियन कृतीतली साय जशीच्या तशी घेऊ नका. एक किलो फियोर दि लात्तेसाठी हे प्रमाण घ्या: फुल क्रीम दूध 680 ग्रॅम, 25 टक्के फॅटचं फ्रेश क्रीम 90, साखर 145, डेक्स्ट्रोज 40, स्किम्ड मिल्क पावडर 42, गवार गम 2 ते 3 ग्रॅम. डेक्स्ट्रोज म्हणजे बिनस्वादाची ग्लुकोज पावडर, पातळ लिक्विड ग्लुकोज नव्हे. ती साखरेपेक्षा कमी गोड, पण गोठण रोखण्यात जवळपास दुप्पट जोरकस, म्हणून गोडी न वाढवता मऊपणा मिळतो. पावडर साधी स्किम्डच हवी. डेअरी व्हाइटनरमध्ये बहुधा साखर असते आणि हिशेब बिघडतो. गवार गम आपल्या गवारीच्या बियांपासूनच होतो. इटलीतल्या दुकानांच्या डब्यांत राजस्थानची गवार असू शकते, हे तिथे रांगेत उभ्या असणाऱ्याच्या मनातही येत नसेल.

गम आधी चार-पाच चमचे साखरेत कोरडाच मिसळा, नाहीतर गुठळ्या होतात. दूध कोमट (40 अंश) झालं की बाकीच्या साखरा, पावडर आणि गमचं मिश्रण भुरभुरवत फेटा, मग क्रीम. 85 अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर कडेला बारीक बुडबुडे येताच, उकळी फुटण्याआधी उतरवा. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट गार करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये. ही रात्र टाळू नका: गम फुगतो, फॅट घट्ट होतं, आणि दुसऱ्या दिवशी घुसळताना पोत बदललेला कळतो. गम नको असेल तर सिसिलीच्या पद्धतीने लिटरभर दुधाला 25 ते 30 ग्रॅम कॉर्नफ्लोर. तेव्हा मात्र उकळी येऊन पीठ शिजायला हवं.

माळ्यावर आईस्क्रीमचा लाकडी पॉट पडला असेल तर तो खाली काढा. हाताने हळू फिरवल्याने हवा कमी शिरते, म्हणजे विजेच्या स्वस्त मशीनपेक्षा तो जेलातोच्या जास्त जवळ आहे. तीन किलो फोडलेल्या बर्फाला पाऊण ते एक किलो खडे मीठ, थरावर थर. डबा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. वीस-पंचवीस मिनिटांत हँडल जड होतं, तिथे थांबा. मिश्रण गार नसताना सुरुवात केली किंवा हौसेने फिरवतच राहिलात तर लोण्याचे कण दिसू लागतात.

मशीनच नसेल तर मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, तुकडे फूड प्रोसेसरमध्ये फिरवा आणि पुन्हा तासभर फ्रीजर. पहिल्या प्रतीचा होत नाही, पण दगडापेक्षा नक्की बरा.

उथळ डब्यात भरा, वर बटर पेपर चिकटवा, आठवड्यात संपवा. घरचा फ्रीजर उणे 18 असतो, म्हणून वाढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये आणून ठेवा. चिकट, ताणल्यासारखा लागला तर गम जास्त झाला. पुढच्या खेपेला दीड ग्रॅम घ्या.

हापूसचा सॉर्बेत्तो? (रत्नागिरी)

रस 500 ग्रॅम, पाणी 280, साखर 160, डेक्स्ट्रोज 45, लिंबाचा रस 15. पाणी आणि साखरांचा पाक गार करून मगच रस मिसळा, रस तापवू नका. पिकलेल्या हापूसमध्ये स्वतःची साखर 15 टक्क्यांच्या आसपास असते, ती धरून एकूण 27-28 टक्के होते. सॉर्बेत्तोला एवढी लागतेच. डब्यातला गोड केलेला पल्प घेतलात तर वरची साखर त्या मानाने कमी करा. पायरीचा रस असेल तर गाळून घ्या.

जर्मनीत राहतो. इथल्या इटालियन आइसकॅफेंतलं खरं असतं का? (श्टुटगार्ट)

बहुतेकांचा वंश खरा आहे. उत्तर इटलीच्या व्हेनेतो प्रांतातल्या कादोरे आणि झोल्दो या डोंगराळ खोऱ्यांतली कुटुंबं एकोणिसाव्या शतकापासून उत्तरेकडे जाऊन हा धंदा करत आली. म्हणूनच बरीच दुकानं हिवाळ्यात बंद असतात. स्पागेत्तीआइस (शेवयांसारखा पाडलेला) मात्र इटलीत शोधू नका: तो 1969 साली मानहाइममध्ये दारिओ फोन्तानेल्ला यांनी केला. कसोटी तीच, रंग आणि ढीग.

तिथून जेलातो हॉटेलवर नेता येतो का? (ठाणे)

येतो. ‘व्हास्केत्ता’ मागा, थर्माकोलच्या डब्यात वजनावर भरून देतात, अर्धा किलो म्हणजे ‘मेद्झो कीलो’. त्या डब्यात अर्धा तास नीट टिकतो. जूनच्या उन्हात त्याहून जास्त चालू नका. हॉटेलच्या मिनीबारला फ्रीजर नसतो, तेव्हा चार जणांत संपेल एवढाच घ्या. एकदा पातळ झालेला पुन्हा गोठवला तर हवा निघून जाते, स्फटिक मोठे होतात आणि काल ज्यासाठी पैसे मोजले ते त्या डब्यात नसतं.